सांत्वन कुणापर्यंत पोचलं? हँडेलची गोष्ट

आजचं वाचन : यशया ४०:१-११



आजचा उतारा आपल्यापैकी बऱ्याच जणांना तोंडपाठ असेल. देव इथे आपल्या लोकांचं सांत्वन करायला सांगतो. पण तो कुणाला सांगतो, हे बघितलंय कधी? मूळ हिब्रूत ही आज्ञा अनेकवचनी आहे. म्हणजे एकट्या यशयाचं काम नाही हे, ऐकणाऱ्या सगळ्यांचं आहे. हा मुद्दा मनात ठेवा. आज मी वचनावर कमी आणि एका माणसावर जास्त बोलणार आहे.

झालं असं. गेल्या नाताळाआधी आमच्या पुण्यातल्या गायकवृंदाने हँडेलच्या मेसायातले काही भाग बसवायला घेतले. मेसाया म्हणजे आपल्या बायबलमधला मशीहा. कार्यक्रम चर्चमध्ये नाही, भाड्याच्या हॉलमध्ये, आणि तोही तिकीट लावून. लगेच वाद सुरू झाला. एक वडीलधारे म्हणाले, देवाच्या वचनाला तिकीट कसलं? दुसरे म्हणाले, जिथे काल नाटक झालं तिथे आज हालेलुया गाणार का? मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं. रात्री पारनेरला पप्पांना फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं, ते चिडतील. पप्पांनी फक्त एवढंच विचारलं, की तिकिटाचे पैसे जाणार कुणाकडे?

मला उत्तर माहीत नव्हतं. कारण तो विचार आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता. त्या रात्री मी हँडेलबद्दल वाचायला बसलो, आणि पप्पांचा प्रश्न त्याच्या आयुष्यात जागोजागी भेटत गेला.

आधी ऑरेटोरिओ म्हणजे काय ते सांगतो, आणि त्यासाठी लंडनला जायची गरज नाही. आमच्या पारनेर तालुक्यात पिंपळनेर आहे, संत निळोबारायांचं गाव. कीर्तन तिथल्या मातीतच आहे. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी तेच कीर्तन उचललं. एकोणिसाव्या शतकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवलं, पुढे रेव्ह. ना. वा. टिळकांनी ते आणखी फुलवलं. पप्पांनी पेटीवर बसून गायलेली अशी कीर्तनं ऐकतच मी वाढलो. बुवा ना वेष बदलतात, ना पडदा लागतो, तरी अब्राहाम, दावीद, पेत्र सगळे डोळ्यांसमोर उभे राहतात. ऑरेटोरिओ जवळपास तसंच. पवित्र शास्त्रातली कथा, पण अभिनय नाही, वेषभूषा नाही. एक गायक निरूपणासारखं कथन करतो, मग एखादं पद येतं, मग सगळे मिळून गजर करतात. फरक इतकाच की टाळ-मृदंगाऐवजी व्हायोलिन, ट्रम्पेट आणि नगारे असतात.

आता हँडेल. जॉर्ज फ्रिडरिक हँडेल जन्मला २३ फेब्रुवारी १६८५ला, जर्मनीतल्या हाल्ले गावात. (आपल्या मराठी इतिहासाशीही या गावाचा धागा आहे बरं का. हँडेलनंतर काही वर्षांनी याच हाल्लेत शिकलेला मिशनरी श्वार्त्झ तंजावरला आला, आणि तिथले मराठा राजे दुसरे सरफोजी लहानपणी त्याच्याच देखरेखीखाली शिकले. त्यांच्या दरबारात युरोपियन वाद्यांचा बँड होता.) हँडेलचे वडील शस्त्रवैद्य होते आणि पोराने वकील व्हावं असं त्यांना वाटायचं. संगीत म्हणजे पोट न भरणारं काम! आपल्या घरांत इंजिनीअरिंगवरून होतं ना, तसंच. पण एका सरदाराने या मुलाला ऑर्गन वाजवताना ऐकलं आणि वडिलांना समजावलं, तेव्हा कुठे शिक्षण सुरू झालं. वडील गेले तेव्हा तो ११ वर्षांचा होता. पुढे विद्यापीठात नाव घातलं, वर्षभर तिथल्या कॅथीड्रलमध्ये ऑर्गन वाजवला, आणि १७०३मध्ये स्वारी हॅम्बुर्गच्या ऑपेरात दाखल झाली. तिथे एका मित्राशी भांडण होऊन तलवारी निघाल्या. मित्राची तलवार कोटाच्या बटणावर आपटून मोडली, म्हणून हा वाचला. एका बटणाने वाचलेलं आयुष्य! देव कशाकशाचा उपयोग करतो बघा.

मग इटली. रोममध्ये तेव्हा ऑपेरावर बंदी होती, म्हणून बडे लोक आपापल्या महालांत ऑरेटोरिओ करवून घेत. ८ एप्रिल १७०८, पुनरुत्थानाचा रविवार. मार्क्विस रुस्पोली यांच्या महालात हँडेलचा पुनरुत्थानावरचा ऑरेटोरिओ झाला. वादकांचा प्रमुख होता कोरेली, त्या काळातला नावाजलेला व्हायोलिनवादक. हँडेल अवघा २३ वर्षांचा. सगळं छान झालं, पण पोपची नाराजी आली. कशाबद्दल? मग्दालीया मरीयेची पदं एका स्त्रीने गायली म्हणून. पुढच्या प्रयोगात तिच्या जागी पुरुष उभा केला. रिकामी कबर सगळ्यात आधी पाहिली बायकांनी, आणि त्याच गोष्टीत बाईच्या आवाजाला मनाई! पवित्र गाणं कुणी गावं, कुठे गावं, हा वाद तेव्हापासून हँडेलच्या पाठीमागे लागला तो शेवटपर्यंत.

१७१०च्या सुमारास तो लंडनला पोचला आणि तिथलाच झाला. राजाची मर्जी मिळाली, पगार मिळाला, ब्रूक स्ट्रीटवर घर झालं. ११ ऑक्टोबर १७२७ला दुसऱ्या जॉर्जचा राज्याभिषेक वेस्टमिन्स्टर ॲबीत झाला, त्याचं संगीत हँडेलचं. त्यातलं एक गीत शलमोनाच्या अभिषेकावर, १ राजे १ मधल्या प्रसंगावर आहे. ते तेव्हापासून ब्रिटनच्या प्रत्येक राज्याभिषेकात गायलं गेलंय. २०२३मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या वेळी तुम्ही मोबाईलवर ऐकलंही असेल.

म्हणजे राजदरबार मिळाला होता. पण त्याची पुढची मोठी वाट उघडली ती एका नकारातून. १७३२मध्ये एस्तेरची कथा त्याने रंगमंचावर आणायचं ठरवलं. लंडनचे बिशप म्हणाले, राजाच्या चॅपलमधली मुलं नाट्यगृहात अभिनय करणार नाहीत. मग हँडेलने अभिनयच काढून टाकला. किंग्ज थिएटरमध्ये गायक उभे राहून नुसतेच गायले. लोक तुडुंब आले, राजघराण्यातले लोकही आले. एक दार बंद झालं, आणि इंग्लिश ऑरेटोरिओ जन्माला आला.

तरीही त्याचा जीव ऑपेरातच अडकला होता. पैसा जात होता, दुसरी कंपनी स्पर्धेत होती, गायकांची भांडणं वेगळीच. एप्रिल १७३७मध्ये त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. वाजवणाऱ्या माणसाचा उजवा हात! गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचार घेऊन तो बरा झाला, पण ऑपेराचे दिवस संपत आले होते. फेब्रुवारी १७४१मध्ये त्याचा शेवटचा ऑपेरा ३ प्रयोगांत बंद पडला. वय ५६. लंडनमध्ये लोक समजले, हा संपला.

त्याच उन्हाळ्यात चार्ल्स जेनेन्स या मित्राने त्याच्या हातात काही कागद दिले. त्यात जेनेन्सचं स्वतःचं काव्य नव्हतं. नुसती शास्त्रवचनं निवडून लावली होती : यशया, स्तोत्रं, ईयोब, लूक, करिंथकरांस पत्र, प्रकटीकरण. सुरुवात कुठून? आजच्याच उताऱ्यातून. वाद्यांचा गंभीर आरंभ संपतो आणि एकटा पुरुषाचा आवाज सांत्वनाची वचनं गायला लागतो. पुढे दऱ्या उंच होण्याचं वचन येतं तेव्हा सूर खरोखर वर चढत जातो.

२२ ऑगस्टला लिहायला बसला आणि १४ सप्टेंबरला संपवलं. २४ दिवस. यावरून तो जेवत नव्हता, रडत होता, देवदूत बघत होता अशा पुष्कळ गोष्टी फिरतात. पण तो एरवीही भराभरच लिहायचा. आणि एक गंमत सांगतो. यशया ९:६ मधल्या बाळाच्या जन्माचं ते आनंदी सामूहिक गीत आहे ना, त्याची चाल त्याने काही आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या स्वतःच्याच इटालियन प्रेमगीतातून घेतली होती! कुठली चाल पवित्र आणि कुठली नाही यावर आपण वाद घालतो, तेव्हा मला हे आठवतं.

आयर्लंडच्या व्हाइसरॉयच्या बोलावण्यावरून तो नोव्हेंबरमध्ये डब्लिनला गेला. तिथेही कटकट. सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचे डीन होते जोनाथन स्विफ्ट, गलिव्हरची गोष्ट लिहिणारे. त्यांनी आधी आपले गायक द्यायला नकार दिला, शेवटी मात्र दोन्ही कॅथीड्रलचे गायक आले. १३ एप्रिल १७४२ला फिशॅम्बल स्ट्रीटवरच्या संगीतगृहात पहिला प्रयोग झाला. जागा कमी पडू नये म्हणून बायकांना घेरदार झग्यांच्या कड्या न घालता आणि पुरुषांना तलवारी घरी ठेवून यायला सांगितलं होतं. ६००ची जागा, ७०० माणसं बसली.

आणि आता पप्पांचा प्रश्न. तिकिटाचे पैसे कुणाकडे गेले? तीन ठिकाणी : दोन रुग्णालयं, आणि कर्ज न फिटल्यामुळे तुरुंगात पडलेली माणसं. सुमारे ४०० पौंड जमले आणि १४२ कैदी सुटले. दोस्तांनो, हे वाचून मी थांबलो. बंदिवानांना मुक्ततेची घोषणा लूक ४ मध्ये आपण कितीदा वाचतो! इथे गाणं संपल्यावर खरीखुरी कुलुपं उघडली.

त्या दिवशी यशया ५३ मधलं तुच्छ मानलेल्या सेवकाचं पद गायला उभी होती सुझाना सिबर. ती नटी होती. तिच्या संसाराची लक्तरं कोर्टात आणि वर्तमानपत्रात धुतली गेली होती. सगळ्यांनी तोंड फिरवलेली बाई सगळ्यांनी तोंड फिरवलेल्या तारणाऱ्याबद्दल गात होती. असं सांगतात, की ऐकणाऱ्यांतले एक पाळक न राहवून उभे राहिले आणि तुझ्या सगळ्या पापांची क्षमा झाली असं तिला मोठ्याने म्हणाले.

पुढच्या वर्षी लंडनमध्ये मात्र थंड स्वागत झालं. मार्च १७४३मध्ये कॉव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात प्रयोग होता. वाद होणार हे ओळखून हँडेलने जाहिरातीत मेसाया हे नावच घातलं नाही. तरी वर्तमानपत्रात टीका झालीच : नाटकघर हे काय देवाच्या वचनाचं ठिकाण आहे, आणि नटनट्यांनी ते गावं? आमच्या गायकवृंदातला वाद पावणेतीनशेहून जास्त वर्षं जुना निघाला! हालेलुया ऐकून राजा उठून उभा राहिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. पण त्या वेळच्या नोंदींत ती कुठेच नाही, उल्लेख येतो बऱ्याच वर्षांनी. राजा उठला असो वा नसो, मला ते १४२ जण जास्त महत्त्वाचे वाटतात.

मेसाया लंडनच्या लोकांच्या मनात खरा शिरला तो १७५०पासून. लंडनला टाकून दिलेल्या मुलांसाठी एक अनाथाश्रम होता, फाउंडलिंग हॉस्पिटल. हँडेलने तिथल्या चॅपलला ऑर्गन दिला आणि मेसायाचा प्रयोग करून पैसे उभे केले. गर्दी इतकी झाली की माणसं परत गेली आणि पुन्हा प्रयोग करावा लागला. मग ते दरवर्षीच सुरू झालं, आणि मृत्युपत्रात त्याने मेसायाची एक प्रत त्या आश्रमाच्या नावे केली. लग्न नाही, मूलबाळ नाही असा हा माणूस. पण त्याच्या गाण्यावर किती लेकरं जेवली असतील!

इथे एक गोष्ट लपवायची नाही. हँडेल संत नव्हता. खाण्याचा शौकीन, रागीट. आणि एकेकाळी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर्स त्याच्या नावावर होते. एका हाताने बंदिवानांना सोडवणारं गाणं लिहिणारा माणूस दुसऱ्या हाताने माणसांच्या बेड्यांतून नफा घेत होता. मला हे वाचून त्रास झाला. तुम्हालाही होऊ दे. पैसे गेले कुणाकडे हे विचारायचं तर आले कुठून हेही विचारायला हवं, आणि ते आधी स्वतःला.

१७५१. बायबलमधल्या इफ्ताहाच्या कथेवर तो ऑरेटोरिओ लिहीत होता. मध्येच डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं आणि लिहिणं थांबवावं लागलं. कसंबसं ते पूर्ण केलं. पण पुढच्या दोनएक वर्षांत दुसरा डोळाही गेला. शस्त्रक्रिया झाल्या. शेवटी जॉन टेलर नावाच्या फिरत्या नेत्रवैद्याकडेही गेला. याच टेलरने बाखच्याही डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली होती. उपयोग झाला नाही.

पण गाणं थांबलं नाही. जॉन ख्रिस्तोफर स्मिथ नावाचा शिष्य परदेशातून मदतीला आला. तो लिहून घ्यायचा, कार्यक्रम सांभाळायचा. हँडेलला हात धरून ऑर्गनपाशी आणून बसवायचे आणि तो मनाने वाजवायचा. ६ एप्रिल १७५९ला त्याने शेवटचा मेसाया ऐकला. १४ एप्रिलला, उत्तम शुक्रवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तो प्रभूकडे गेला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं. तिथल्या त्याच्या पुतळ्याच्या हाताशी ईयोब १९ मधल्या वचनावरचं, माझा उद्धारक जिवंत आहे या विश्वासाचं पद कोरलंय.

२५ वर्षांनी, मे १७८४मध्ये, त्याच ॲबीत त्याचा स्मरणोत्सव झाला. जिथे राजांना मुकुट घालतात तिथे ५००हून जास्त गायक-वादक जमले, समोर राजा तिसरा जॉर्ज सहकुटुंब बसला, आणि २९ मेला मेसाया झाला. ज्या गाण्याला नाट्यगृहात नाकं मुरडली गेली तेच आता राजाच्या ॲबीत. आणि पैसे? वेस्टमिन्स्टरच्या रुग्णालयाला, आणि हातपाय थकलेल्या गरीब संगीतकारांच्या मदतनिधीला. महाल, नाट्यगृह, अनाथाश्रम, ॲबी : जागा बदलत गेल्या. पण जिथे जिथे ते सांत्वन कुणा दुखावलेल्या माणसापर्यंत पोचलं, तिथे मला ती उपासनाच वाटते.

आमचा कार्यक्रम झाला. तिकीटही लावलं. पैसे कुठे द्यायचे ते मात्र आम्ही आधी ठरवलं, मग तिकिटं छापली.

आता घरचं थोडं. पप्पांना काचबिंदू आहे. दोन वर्षांपूर्वी उपचारांना उशीर झाला आणि नजर जवळजवळ गेली. त्यानंतर पेटीवर कापड टाकलं ते तसंच राहिलं. उपासना संगीत वाचता येत नाही म्हणून चर्चमध्येही ते मागच्या बाकावर गप्प बसतात. आम्ही सगळे म्हणायचो, पप्पा गा की, तुम्हाला तर पाठ आहे. ते नुसते मान हलवायचे. मी हे सगळं वाचून फोनवर त्यांना हँडेलचे डोळे गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, त्यांना बळ येईल. ते बराच वेळ गप्प राहिले. मग विचारलं, त्याच्याजवळ कोण असायचं? मी म्हणालो, स्मिथ. ते म्हणाले, हां.

त्या एका हां ने मला झोप लागू दिली नाही. दोन वर्षं मी पुण्यातून त्यांना गा म्हणत होतो. जवळ जाऊन बसलो नव्हतो.

त्या शनिवारी सकाळच्या एसटीने पारनेरला गेलो. दुपारी पेटीवरचं कापड काढलं, पुस्तक उघडलं आणि एकेक ओळ वाचायला लागलो. पहिल्या गीताला ते नुसतं ऐकत होते. दुसऱ्या गीताला बोटं पेटीवर गेली. एक कडवं झालं, आवाज फाटला, थांबले. मग मला म्हणाले, पुढची ओळ वाच, आणि जरा सावकाश. आता महिन्यातून दोन शनिवार जातो. चर्चमध्ये अजून गायले नाहीत ते. गातील की नाही, माहीत नाही. पण आमच्या ओसरीवर यशयाचा ४०वा अध्याय मला पहिल्यांदा कळला.

आज करून बघा : तुमच्या ओळखीत कुणीतरी गप्प झालेलं असेल. त्यांना गा म्हणून मेसेज पाठवू नका. जाऊन बसा, आणि पुढची ओळ वाचून दाखवा.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, तू आम्हांला सांत्वन दिलंस, ते आमच्यापाशीच अडून राहू देऊ नकोस. आमचं गाणं, आमचा पैसा आणि आमचा शनिवार, ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत पोचव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्या भेटू, यशया ४०च्या उरलेल्या भागासह. जय ख्रिस्त!